चोवीस मात्रा

देवगडच्या जेटीमागे बर्फाचा कारखाना आहे, बंद पडलेला.
बर्फ बनत नाही, पण भिंती अजून गार.
रविवारी, मासळीचा लिलाव आटोपला की,
आम्ही एकोणीस जण तिथे खुर्च्या मांडतो:
सात व्हायोलिनं, दोन पेट्या, एक पखवाज,
लग्नाच्या बँडमधून आलेलं, पोचे पडलेलं युफोनियम,
आणखी कायबाय,
आणि तीन क्लॅरिनेट. सबा मुजावर, इनास, मी.

रॉड्रिग्ज मास्तर फौजेच्या बँडातून निवृत्त.
पहिल्या दिवशी त्यांनी श्वास चोरायला शिकवलं.
चोवीस मात्रांचा एकच सूर,
कुठल्याच छातीत मावणार नाही एवढा.
"तिघांनी एकदम थांबूचा नाय. पाळीपाळीन.
ऐकतल्याक कळूक नाय व्हया, कोण कधी गप झालो."

सबा तिसऱ्या मात्रेला, इनास नवव्या, मी सोळाव्या.
खिडकीतून पवनचक्क्या दिसत.
एखादी थांबलेली, बाकीच्या फिरत्या.
त्या आमच्यावरून शिकल्या असं मला वाटायचं.

नारळी पौर्णिमेनंतर सातव्या दिवशी
बाबांची 'भगवतीप्रसाद' गेली ती गेली.
चौघांतले दोघे विजयदुर्गाकडे सापडले, जिवंत.
बाबांचं काही नाही.
एक निळा पिंप वाहत आला, आमच्याच खुणेचा.
आई त्यात अजून पाणी भरते.

तीन रविवार मी गेलो नाही.
फोन वाजायचा, मी बघत बसायचो.
मग एकदा इनासची आई आली,
आईबरोबर बसून पाटीभर कोळंबी सोलली,
अवाक्षर नाही.
निघताना उंबऱ्यात वळली, मला म्हणाली,
"तुझी खुर्ची मांडतत रे ते. दर आयतवारी."

गेलो.
कोणी उठलं नाही, कोणी खांद्यावर हात ठेवला नाही.
मकरंद पखवाजाला कणीक लावत होता,
त्याने हात पुसून माझी खुर्ची
वीतभर सबाकडे सरकवली.

क्लॅरिनेट जोडलं. पत्ती तोंडात.
फुंकलं नाही.
छातीत हवा होती, पण ती सोडली
की तिच्यामागून काय काय येईल, खात्री नव्हती.

सुरांच्या कागदावर पेन्सिलीची खाडाखोड.
दोघांनी माझ्या मात्रा वाटून घेतल्या होत्या,
पण सोळाव्यावरचं माझं नाव तसंच,
आणि पुढे, सबाच्या बारीक अक्षरात:
जमलं तर.

असे पाच रविवार. बोटं फिरवायचो, कोरडी.
मास्तर काठीने ताल देत, माझ्याकडे बघत नसत,
म्हणजे बघतच असत.

सहाव्या की सातव्या रविवारी सबाला खोकला होता.
(तिच्या घरीही काही चाललं होतं,
भावाचं कतारमधलं काम सुटल्याचं.
ती बोलली नव्हती. आम्ही विचारलं नव्हतं.)
नवव्या मात्रेला इनास श्वासाला गेला
आणि तिचा सूर कलला,
बाजूची लाट बसल्यावर होडी कलते तसा.
डोळे मिटलेले, मान लालबुंद,
माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मी फुंकलं.
आधी चिरकलं. पेटीवरची मंजुश्री दचकली,
हसली, थांबली नाही.
मग लागला सूर.
सबाने तोंड वळवून पोटभर खोकून घेतलं,
आणि मी धरून होतो, अकरा, बारा, तेरा,
नाकाडोळ्यांतून वाहत होतं ते वाहू दिलं,
दोन्ही हात गुंतलेले होते.

सोळाव्याला इनासने कोपर लावलं.
मी थांबलो.
सूर चालूच होता.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झालेली.
आई विहिरीवरून कळशी आणून पिंपात ओतत होती,
पिंप भरून पाणी बाहेर सांडत होतं.
मी कळशी तिच्या हातातून घेतली.
"बस वायच," म्हटलं,
"आता माझी पाळी."